धाकटी दहाला येते

…नाही नाही, चपला राहू द्या, असेच या आत — पण मी सांगते ते आधी ऐकून घ्या. तुम्हाला बोलावलं ते बाबांनी. मी नाही. त्यांना फोनवर ऐकू येत नाही, तीन वर्षं झाली, पार ठार बहिरे झालेत, म्हणून खालच्या शिंपीकाकांच्या हातात चिठ्ठी दिली आणि काकांनी तुम्हाला फोन केला, मला एका शब्दाने न विचारता. बरं, आलाच आहात तर बघा. पण बघून झालं की एवढंच सांगा — की हे कॉम्प्युटरचं मशीन जुनं झालंय, दुरुस्तीच्या पलीकडे गेलंय, आता नाद सोडा. तुम्ही सांगितलंत तर पटेल त्यांना. माझं नाही पटत. बाहेरच्या माणसाचं पटतं. ते पुलापर्यंत फिरायला गेलेत, दहाला पाच कमी असताना परत येतात, त्यात फरक पडत नाही — आत्ता किती झालेत? सव्वानऊ. म्हणजे वेळ आहे. बसा. ती खुर्ची नको, ती त्यांची, त्यांना उंची बदललेली लगेच कळते. ही घ्या.

हे असं आहे. माझी धाकटी बहीण लांब असते, दोन दिवसांचा प्रवास आहे, कॉम्प्युटरमधलंच काहीतरी मोठं काम करते. तिच्याकडे तिथे एक मशीन आहे, ते चोवीस तास चालू. बाबा इथून त्या मशीनमध्ये शिरतात — म्हणजे तुम्हाला काय सांगायचं, तुमचाच धंदा — ही काळी खिडकी उघडायची, की इथे टाइप केलेलं तिथे उमटतं. आणि तीही त्याच खिडकीत असते. एकच खिडकी, दोघांना दिसते, यांनी लिहिलेलं तिला, तिने लिहिलेलं यांना. बाबा नदीवर मोजणीला होते, एकतीस वर्षं. पुलाच्या खांबावर पट्टे रंगवलेले असतात ना आकड्यांचे, ते वाचायचे, सकाळी आठला आणि संध्याकाळी पाचला, आणि वहीत लिहायचे. एवढंच काम. तुम्हाला वाटेल हे काय काम आहे, पण एकतीस वर्षांत एक दिवस खाडा नाही. त्या सगळ्या वह्या ही दोघं मिळून त्या मशीनमध्ये भरतायत, दोन वर्षं चाललंय. डेटाबेस म्हणतात. बाबासुद्धा म्हणतात, शहात्तर वर्षांचा माणूस, 'आज डेटाबेसात चार महिने गेले.' आणि बहिरेपण आल्यापासून बोलणंही तिथेच. तिची ख्यालीखुशाली, यांच्या आठवणी, सगळं त्या खिडकीत. फोन कसला करणार, ऐकू येत नाही.

माझ्याशी? माझ्याशी पाटीवर. ती काय, तिथे टांगली आहे, पांढरी. मी लिहिते, ते वाचतात, तोंडाने उत्तर देतात. जेवलात का. हो. गोळी घेतली का. हो. संपलं.

नाही, मी तक्रार करत नाही. तुम्ही तुमचं बघा, मी आपली बोलतेय. पण एक सांगा, तुम्ही घरोघर जाता, तुम्ही असं कुठे पाहिलंय का — दहाला ती येणार म्हणून हा माणूस नवाला दाढी करतो. धुतलेला सदरा घालतो, केस विंचरतो. कॅमेरा नाही हो या मशीनला, कॅमेराच नाही, नुसती अक्षरं. तिला काय दिसणार आहे सदरा? धुते कोण, इस्त्री करते कोण, तो दिसतो कुणाला — तर मला. आणि दहाचे ठोके पडले की म्हणतात, 'ती आली.' आली म्हणजे? जिना चढून आली? पिशव्या उचलून आली? एक हिरवा चौकोन लुकलुकतो, त्याला म्हणायचं आली. आणि अकराला म्हणायचं गेली. आणि ती गेली की जरा वेळ चेहरा असा पडलेला असतो की वाटावं आत्ताच कुणाला तरी स्टेशनवर सोडून आलेत.

मागच्या वर्षी तिने तिथे बसल्या बसल्या या मशीनमधल्या फाईली लावून दिल्या. हा स्क्रीनवरचा बाण आपोआप फिरत होता, हे उचल तिथे ठेव, ते उचल इथे ठेव, आणि बाबा हात मांडीवर ठेवून बघत होते, कीर्तनाला बसल्यासारखे. मग मला हाक मारून म्हणाले, 'बघ, धाकटीने सगळी खोली आवरली.' खोली. माझ्या हातात तेव्हा केरसुणी होती. खोटं नाही सांगत, याच खोलीत, हातात केरसुणी. मी म्हटलं, हो, छान आवरली. त्यांना ऐकू गेलं नाही ते सोडा. कधी कधी एकटेच हसतात स्क्रीनकडे बघून. मी पाटीवर लिहिते, काय झालं? तर डोळे पुसत म्हणतात, 'काही नाही, आमचं आपलं.' आमचं आपलं. बावन्न वर्षांची आहे मी, लग्न मोडून परत आले त्याला एकवीस वर्षं झाली, तेव्हापासून या घरात आहे, आईचं सगळं मी केलं, यांचं करतेय, दुपारचं दवाखान्याच्या खिडकीवर पेशंटची नावं लिहायला बसते तेवढंच काय ते बाहेर — आणि 'आमचं' म्हणजे ते दोघं.

काय म्हणालात? वायर ठीक आहे? नाही, असं कसं, वायरच सैल असणार, मी परवा केर काढताना— बरं. बरं, नेट चालू आहे म्हणता. मग? तिकडचं मशीन उत्तर देतंय पण आत घेत नाही. परवानगी नाकारली. हो, ते लिहून येतं, मला माहीत आहे. म्हणजे बाबा सांगत होते. नऊ दिवस झाले, रोज दहाला बसतात, तेच येतं. परत करतात, परत तेच. सदरा घालून. साडेअकरापर्यंत बसतात, मग उठतात. पहिले दोन दिवस म्हणाले तिकडे काहीतरी बिघडलं असेल. काल जेवताना म्हणाले, 'माझं काही चुकलं का गं?' मी पाटी घ्यायला म्हणून उठले आणि भांडी घासायला घेतली.

चावीची फाईल? तिकडच्या मशीनमध्ये शिरायची? तिथे नाही? तिथे कशी असेल, ती मी जुन्या फोटोंच्या—

बसा. बसा हो, असे बघू नका. हो, मी हलवली. पुसली नाही, नुसती हलवली. फोटोंच्या फोल्डरमध्ये आहे, आईच्या. पुसायचं धैर्य नव्हतं. मला कळत नाही असं मी कुठे म्हटलं, तुम्हीच धरून चाललात. दोन वर्षं त्यांच्या खांद्यामागे उभी असते मी, कधी पाणी घेऊन, कधी गोळी घेऊन. त्यांचे डोळे अधू म्हणून अक्षरं एवढाली मोठी, दारातून वाचता येतात. कुठली कमांड दिली की कुठे जातो, सगळं पाठ झालं. मला कुणी शिकवलं नाही. विचारलंही नाही, शिकायचंय का म्हणून.

आणि त्या चावीलाही पासवर्ड आहे, तो मी शोधून काढला. सांगू काय आहे? धाकटी जन्मली त्या दिवशीची नदीची पातळी. सकाळची आणि संध्याकाळची, लागोपाठ. ते एकदा टाइप करताना मोजलं मी, सहा आकडे, मग जुनी वही काढली आणि पहिल्याच फटक्यात बरोबर आला. मी आनंदाने उडायला हवं होतं, एवढं डोकं चाललं म्हणून. मी वही घेऊन खाली बसले. माझ्या जन्माची पातळीच नाही. मी तीन वर्षांची असताना लागले ते नदीवर. माझ्या दिवशी नदी किती होती ते कुणालाच माहीत नाही.

तुम्ही हसलात. हसा, मलाही हसू येतं. या वयात माणसाने जळावं तरी कशावर, तर सहा आकड्यांवर. पण थांबा, त्याच्यासाठी नाही केलं मी हे. तेवढ्यावर मी काही केलं नसतं. वर्षभर मला पासवर्ड माहीत होता आणि मी बोट लावलं नाही.

ती चौकट दिसतेय का भिंतीवर? वाचा. 'प्रसंगावधान दाखवून पाण्याच्या वाढीची सूचना वेळेवर दिल्याबद्दल' — खाली बाबांचं नाव. चाळीस वर्षं झाली त्याला. मी बारा वर्षांची होते. बाबा तापाने फणफणलेले, उठताही येत नव्हतं, आई बाळंतीण, धाकटी महिन्याची. आणि बदली माणूस मागावा तर नोकरी कच्ची होती, नुसत्या आजारपणावर काढून टाकलेले लोक होते त्या खात्यात. तर मी गेले पुलावर. अकरा दिवस, सकाळ-संध्याकाळ. बाबांनी खाटेवरून सांगितलं, लाट वर आली की वाचायचं नाही, खाली गेली की वाचायचं नाही, दोन्हीच्या मधलं पाणी धरायचं. मी घरी येऊन वहीत लिहायची, त्यांच्यासारखं अक्षर काढायचा प्रयत्न करत. सातव्या दिवशी सकाळी तीन दहा होतं. तीन मीटर, दहा सेंटिमीटर. शाळेतून दुपारी येताना सहज वळले पुलाकडे, वाचायची वेळही नव्हती ती, तर पाणी गढूळ आणि आवाज वेगळा. पालथी पडून, कठड्याखालून डोकं काढून बघितलं. पाच वीस. मी तीनदा वाचलं. मग पळत खात्याच्या चौकीवर गेले आणि तिथल्या माणसाला म्हटलं, बाबांनी निरोप दिलाय, पाच वीस झालंय. मी वाचलं असं म्हटलं असतं तर त्याने हाकलून दिलं असतं मला. त्याने खाली वीटभट्टीवर कळवलं. साठ-सत्तर माणसं होती तिथे, पोरंबाळं, सगळी वरच्या शाळेत हलवली. संध्याकाळी पाचला भट्टीचं धुराडं तेवढं दिसत होतं.

मग साहेब घरी आला बाबांचं अभिनंदन करायला. बाबा खाटेवर. साहेब बोलतोय, तापात असूनही तुम्ही पुलावर गेलात, वगैरे. बाबांनी माझ्याकडे बघितलं. मी दाराशी, खांद्यावर धाकटी. मी मान हलवली, अशी, म्हणजे काही बोलू नका. आणि ते बोलले नाहीत. त्यानंतर या विषयावर आम्ही दोघं एक अक्षर बोललेलो नाही, पण ते प्रशस्तिपत्र भिंतीवर आलं आणि कुणी पाहुणा ते वाचायला लागला की बाबा माझ्याकडे बघायचे आणि मी खाली बघायची. चाळीस वर्षं. तुम्हाला सांगते, माझ्याजवळ दुसरं काही नव्हतं, पण तेवढं एक होतं. ते आमचं होतं. तिचं त्यात काही नव्हतं, ती खांद्यावर होती नुसती.

तर दहा दिवसांपूर्वी त्यांच्या कामात ते वर्ष आलं. मी गोळी घेऊन दारात. स्क्रीनवर तिचं लिहिलेलं, एवढ्या मोठ्या अक्षरात — 'बाबा, या अकरा दिवसांचं अक्षर वेगळं वाटतं. आणि सातव्या दिवशी एकदम दोन मीटरची उडी. कुणा पोराटोराने लिहिलंय का? बाद करायचं का?' पोराटोराने म्हणे. मनात म्हटलं, आता लिहा बाबा. नोकरी संपून अठरा वर्षं झालीत, तो साहेबही आता नाही, आता कुणाची भीती. लिहा — ताईचं. तीनच अक्षरं. आणि ते एका बोटाने एकेक अक्षर शोधत लिहायला लागले. मी उभी. काय लिहिलं असेल? 'अक्षर माझेच आहे.. तापात हात कापत होता..'

असं. दोन दोन टिंबं देऊन, त्यांची सवय आहे. तापात हात कापत होता. माझा हात कापला नव्हता हो. जराही कापला नव्हता. मी गोळी टेबलावर ठेवली आणि स्वयंपाकघरात गेले. ते लिहीतच राहिले होते, बोटांचा आवाज येत होता, बराच वेळ, ती दोघं आणि त्यांचं आपलं. मी बघायला गेले नाही परत.

दुसऱ्या दिवशी ते पुलावर गेल्यावर मी या खुर्चीवर बसले. त्यांच्या. चावी लावली, पासवर्ड टाकला आणि गेले आत. खिडकी अशी कोरी आली, वरचं सगळं त्यांनी पुसून ठेवलं असावं, काय माहीत. ती अजून आली नव्हती, साडेनऊच झाले होते. आणि मी बाबा होऊन लिहिलं. जुन्या वळणाने, दोन टिंबं देऊन. 'आता पुरे.. डोळे दमले.. मला हे झेपत नाही.. उद्यापासून येऊ नकोस..' चार वाक्यं लिहायला मला अर्धा तास लागला नाही, पाच मिनिटं लागली. मग बाहेर पडले, चावी हलवली आणि चहा टाकला. दुपारी तिचा फोन आला माझ्या फोनवर. 'ताई, बाबा रागावलेत का? काल आमचं एक बोलणं झालं होतं, तुला काही म्हणाले का ते?' मी म्हटलं, तुमचं तुमचं बोलणं, मला कशाला विचारतेस. आणि ठेवून दिला. तेव्हा फार बरं वाटलं. खरं सांगते, त्या दिवशी जेवण गोड लागलं मला. हे ऐकायला वाईट वाटतं ना? मलाही आत्ता म्हणताना वाटलं.

द्या इकडे तो माऊस. मीच ठेवते चावी जागेवर. नाही, आता तुम्ही बघितलंच, तुम्ही काय खोटं सांगणार बाबांना, तुमचा चेहरा तसा नाही. ही आई. हे आमचं चौघांचं. ही फाईल. इथे ठेवली. झालं. घाला पासवर्ड— मीच घालते. गेलं बघा आत. एवढंच होतं, नऊ दिवस.

हे काय आहे?

हे माझं, 'येऊ नकोस' पर्यंत. त्याच्या खाली हे तिचं आहे. 'बरं बाबा. पण ताईला दाखवायचं होतं ना?' काय दाखवायचं होतं? आणि खाली नुसतं 'बाबा?' परत 'बाबा?' हे रोजचं आहे का? बाजूला वेळ येते ना — दहा, दहा, दहाला एक मिनिट. नऊ वेळा. म्हणजे येऊ नकोस म्हटल्यावरही ही रोज येऊन बसली इथे. मला कुणी येऊ नकोस म्हटलं असतं तर मी फिरकलेही नसते. मी अशीच आहे. ती बघा कशी आहे. तिच्यावर रागवायचं तरी कसं, ती तेवढीही सोय ठेवत नाही.

वर जाता येतं? पुसलेलं नसतं? नुसतं सरकवलेलं असतं होय. मग न्या वर. आणखी. थांबा — इथे. हे त्या दिवशीचं. 'हात कापत होता' हे मी बघितलेलं. त्याच्या खाली आहे अजून. तुम्ही नका वाचू, मी वाचते. नाही, तुम्हीच वाचा, मला चष्मा— नको. दिसतंय मला.

'मघाशी खोटे लिहिले.. अक्षर थोरलीचे आहे.. मी पडून होतो.. तू महिन्याची.. ती बारा वर्षांची.. अकरा दिवस तिने वाचले.. पाच वीस तिनेच पाहिले.. माणसे तिच्यामुळे वाचली.. नोकरीच्या भीतीने मी गप्प बसलो.. मग गप्पच राहिलो..' आणि ही विचारते, 'मग आकडे बाद करू का? नियमाने दुसऱ्याने वाचलेलं चालत नाही.' तर हे — 'बाद करशील तर बघ.. माझ्या एकतीस वर्षांत चुका असतील.. त्या अकरा दिवसांत नाही..'

एक मिनिट हं.

'ताईने कधीच सांगितलं नाही,' ही म्हणते. 'ती सांगणार नाही.. ती काहीच सांगत नाही.. मला तिची लाज वाटते.. ती पाटी घेऊन येते.. जेवलात का.. गोळी घेतली का.. तिला एवढी घाई असते.. मी काय आणि कधी बोलू..'

घाई. मला घाई असते म्हणे. बरोबर आहे, दूध उतू जात असतं, मला घाई असते.

'मग निरीक्षक म्हणून तिचं नाव घालते त्या अकरा दिवसांना. आत्ता नको, उद्या दहाला. तुम्ही ताईला समोर बसवा, तिच्यादेखत घालू.' 'बरे.. पूर्ण नाव घाल.. तिला उद्या या खुर्चीवर बसवतो..'

उद्या म्हणजे तोच दिवस. साडेनऊला मी बसले ना या खुर्चीवर. अर्धा तास आधी.

बघता येईल का, घातलंय का नाव? त्या डेटाबेसात. तुम्हाला येत असेल तर बघा, ते वर्ष, तो महिना. हं. हे आठला, हे मधलं दुपारचं, हे पाचला. तीन दहा. पाच वीस. आकडे आहेत सगळे. आणि शेवटच्या रकान्यात — बाबांचंच. अकराही दिवस बाबांचंच नाव. कसं घालणार ती, 'झेपत नाही' म्हणाले ना बाबा. मीच म्हणाले.

आणि तुम्हाला सांगू का, मी किती वाईट आहे ते? हे सगळं वाचून मला काय वाटायला हवं होतं? आनंद वाटायला हवा होता. वाटलाही असेल, आत कुठेतरी. पण पहिलं काय वाटलं — तिला सांगितलं. चाळीस वर्षं ते आमच्या दोघांचं होतं आणि त्यांनी ते तिला देऊन टाकलं. नाही सांगितलं म्हणून दहा दिवस जळत होते, आता सांगितलं म्हणून जळतेय. 'मला तिची लाज वाटते' — हे मला नाही म्हणाले, तिला म्हणाले. कौतुक माझं आणि पोचलं तिच्याकडे. चूक त्यांची नाही, मी जागाच ठेवली नाही त्यांना, हे मला कळतं, आत्ता तुमच्यासमोर कळतंय, पण कळून जळणं थांबतं असं नाही हो.

नको, पाणी नको. किती वाजले? दहाला आठ कमी. जिन्यावर वाजलं का काही? काठी टेकतात ते प्रत्येक पायरीवर. हे ऐका — आलेत. आज लवकर आलेत, तुम्ही येणार म्हणून. उठा तुम्ही. खिडकी बंद करू नका, तशीच राहू द्या, माझं ते खोटं आहे तेही राहू द्या, त्यांना वाचू दे. नाही, त्यांच्याशी काही बोलू नका, नुसती मान डोलवा आणि जा. मशीन चांगलं आहे, त्यात काही बिघाड नव्हता. मला सांगायचंय त्यांना, मी. आठ मिनिटं आहेत. ती यायच्या आधी. एवढं एक तरी मला तिच्या आधी करू द्या. निघा.